प्रदर्शन उठलं, शिल्पाचं काय? 'द आयलंडर्स'चं प्रकरण

हे प्रकरण लंडनचं, १९५१ सालचं. त्यातला कोणताही निर्णय एकट्या माणसाने घेतलेला नाही. त्यामुळे नावं येतील ती वास्तुकार, शिल्पकार, मंत्री अशा जाहीर नोंदीतल्या लोकांचीच. फाइली हलवणारे कारकून, ठेकेदार आणि क्रेनवाले निनावीच ठेवले आहेत.

सार्वजनिक शिल्पाचं काम देणाऱ्या-घेणाऱ्याने हे प्रकरण का वाचावं, ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. थेम्सच्या काठावर दर्यावर्दी कुटुंबाचं 'द आयलंडर्स' नावाचं एक प्रचंड शिल्प उभं राहिलं, लाखो लोकांनी ते पाहिलं, आणि नंतर ते नाहीसं झालं. ते कोणी मुद्दाम फोडलं, असं यात काही घडलेलं नाही. ज्याने त्याने आपापलं काम नीट केलं आणि तरीही शिल्प गेलं.

पार्श्वभूमी

१८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनाला शंभर वर्षं होत होती. शताब्दी साजरी करावी, असं संपादक जेराल्ड बॅरी यांनी १९४५ मध्ये जाहीर पत्र लिहून सुचवलं होतं. आधी विचार होता आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचा. युद्धाने तिजोरी रिकामी केल्यामुळे तो मागे पडला आणि मजूर सरकारातले हर्बर्ट मॉरिसन यांनी 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' या नावाने देशापुरता सोहळा पुढे नेला. बॅरी महासंचालक झाले, वास्तुरचनेची सूत्रं ह्यू कॅसन यांच्याकडे आली. जागा मिळाली ती वॉटर्लू स्टेशनला लागून, थेम्सच्या दक्षिण काठावरची, बॉम्बहल्ल्यांत मोडकळीला आलेली सुमारे २७ एकर.

दिवस टंचाईचे होते. मांस, साखर, मिठाई अजून रेशनवर. पोलाद मिळवायचं तर मंत्रालयाचे उंबरे झिजवावे लागत. चर्चिल यांच्या पक्षातल्या अनेकांना हा सगळा खटाटोप म्हणजे सरकारी खर्चाने मजूर पक्षाची जाहिरात वाटत होती. ही शेवटची गोष्ट पुढे महागात पडणार होती.

मे १९५१ च्या सुरुवातीला दारं उघडली. मधोमध ३६५ फूट व्यासाचा 'डोम ऑफ डिस्कव्हरी' हा घुमट, त्याच्याशेजारी कशाच्याही आधाराशिवाय तरंगल्यासारखा दिसणारा 'स्कायलॉन' हा मनोरा. आजूबाजूला दालनं. एका बाजूची ब्रिटनच्या भूमीविषयी, दुसऱ्या बाजूची तिथल्या माणसांविषयी. तीसहून अधिक शिल्पं आवारात विखुरलेली. हेन्री मूर, बार्बरा हेपवर्थ, जेकब एपस्टाइन यांच्यापासून नवख्या मंडळींपर्यंत सगळ्यांना काम मिळालं होतं. सप्टेंबरअखेर दारं बंद झाली तोवर पंचाऐंशी लाखांच्या आसपास माणसं येऊन गेली होती.

नदीकाठी बेसिल स्पेन्स यांचं 'सी अँड शिप्स' हे दालन होतं. हेच स्पेन्स त्याच वर्षी कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलची स्पर्धा जिंकले. जहाजबांधणी, मासेमारी, सागरी व्यापार हा दालनाचा विषय, आणि त्याच्याशी जोडलेलं शिल्प म्हणजे सिगफ्रिड शारू यांचं 'द आयलंडर्स', म्हणजे बेटावरची माणसं.

शिल्पात एक पुरुष, एक स्त्री आणि एक मूल. जाड, ठोकळेबाज घडण. हातपाय झाडाच्या बुंध्यासारखे. उठावशिल्प असलं तरी इतकं मोठं आणि इतकं पुढे आलेलं, की पार्श्वभूमीच्या भिंतीकडे लक्षच जाऊ नये. तिघं एकमेकांना चिकटून, पाण्याच्या दिशेने पाहत उभे. हातात सुकाणू नाही, दुर्बीण नाही, तलवार तर नाहीच. या आवारात बोटीने येणाऱ्यांसाठी जे दोन धक्के होते त्यांची नावं नेल्सन आणि रॉडनी, म्हणजे दोन आरमारी सेनापती. बोटीतून त्या धक्क्यांवर उतरणाऱ्या माणसाला समोर दिसायचं ते बिननावाचं कुटुंब. हा विरोध जाणूनबुजून साधला होता का, ते बाजूला ठेवू. पण समुद्रावरच्या पराक्रमाचं स्मारक करायला सांगितलं तर शंभरातले नव्वद जण सेनापती उभा करतात, आणि इथे एका परक्या मुलखातून आलेल्या शिल्पकाराने घर उभं केलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

परका मुलूख म्हणजे ऑस्ट्रिया. शारू यांचा जन्म व्हिएन्नाचा, १८९६ चा. तरुणपणी ते समाजवादी वृत्तपत्रात 'शा रू' या टोपणनावाने राजकीय व्यंगचित्रं काढत. व्हिएन्नात नाटककार लेसिंगचा पुतळा त्यांनी घडवला, १९३५ मध्ये तो बसला आणि त्याच वर्षी शारू इंग्लंडला निघून आले. १९३९ मध्ये नाझींनी तो पुतळा उतरवला आणि वितळवून टाकला. आपलं सार्वजनिक शिल्प नाहीसं होणं म्हणजे काय, हे १९५१ च्या आवारात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

नेमकी अडचण कुठे होती

प्रदर्शन पाच महिन्यांचं, शिल्प मात्र स्मारकाच्या आकाराचं. गाठ इथेच पडते.

दालनं तात्पुरती होती हे सगळ्यांना माहीत होतं. रॉयल फेस्टिव्हल हॉल हे संगीतसभागृह तेवढं कायमचं. ते लंडन काउंटी कौन्सिलचं, म्हणजे लंडनच्या स्थानिक प्रशासनाचं. पण 'तात्पुरतं' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी ढकलल्या गेल्या. तात्पुरतं दालन पाडणं वेगळं, आणि दालनाला जोडलेली कलाकृती त्याच्याबरोबर राडारोड्यात जाणं वेगळं. कागदोपत्री दोन्ही एकाच रकान्यात बसतात. इमारत उतरवणाऱ्या ठेकेदाराला पाडायच्या भागांची यादी मिळते. शिल्प त्या यादीतून वगळायचं असेल तर कोणीतरी लेखी कळवावं लागतं, आणि कळवणाऱ्याच्या हाती नवी जागा, वाहतुकीचा खर्च आणि मालकीचा कागद अशा तीन गोष्टी असाव्या लागतात.

त्यात राजकारणाने घाई केली. २५ ऑक्टोबर १९५१ ला निवडणूक झाली, मजूर पक्ष हरला, चर्चिल परत आले. ज्यांना हा सोहळा मुळातच नको होता त्यांच्या हाती आता आवाराची चावी होती. सार्वजनिक बांधकाम खात्याचे मंत्री डेव्हिड एकल्स यांनी जागा मोकळी करण्याचा धडाका लावला. बारा महिन्यांनी पाडलं असतं तर कदाचित काही शिल्पांना घर मिळालं असतं. इथे १९५२ मध्येच पाडकाम झालं. स्कायलॉन आणि डोमचं धातूकाम भंगारवाल्याकडे गेलं, आणि त्यातल्या काही तुकड्यांचे कागद कापायचे चाकू करून आठवण म्हणून विकले गेले.

अडचण एवढीच नव्हती. 'द आयलंडर्स' हलवायला अवघड होतं. मूर यांची आडवी ब्रॉन्झ आकृती दोऱ्या बांधून ट्रकवर चढवता येते. इमारतीच्या अंगाला जोडलेलं, अवाढव्य, एकाच बाजूने पाहायचं उठावशिल्प दुसरीकडे न्यायचं तर त्याला तेवढीच मोठी नवी भिंत लागते. अशी रिकामी भिंत कोणत्या नगरपालिकेकडे असते? आणि भिंत असली तरी समुद्राकडे पाहणारं कुटुंब घरांच्या रांगेत लावलं तर ते कशाकडे पाहणार? जागेशी इतकं बांधलेलं शिल्प चांगलं असतं, आणि म्हणूनच ते जागेबरोबर मरतं.

समोर कोणत्या वाटा होत्या

त्या वेळी काय काय करता येण्याजोगं होतं, हे कल्पनेने सांगायची गरज नाही. त्याच आवारातल्या इतर शिल्पांचं जे झालं त्यावरूनच ते कळतं.

पहिली वाट भेटीची. हेपवर्थ यांचं 'कॉन्ट्रापंटल फॉर्म्स' हे निळसर चुनखडीतलं जोडशिल्प आर्ट्स कौन्सिलने, म्हणजे कलांना सरकारी मदत देणाऱ्या संस्थेने, हार्लो या नव्याने वसवल्या जाणाऱ्या शहराला दिलं. ते तिथे अजून आहे. त्यांचं दुसरं, फिरतं शिल्प 'टर्निंग फॉर्म्स' सेंट ऑल्बन्समधल्या एका शाळेत गेलं. मूर यांची आकृती लीड्सला पोहोचली. भेट देणारी संस्था आणि घेणारा हात असे दोन्ही ठिकाणी असले की काम होतं. मूर आणि हेपवर्थ यांच्या पाठीशी आर्ट्स कौन्सिलसारखी संस्था होती, आणि नावांना आधीच वजन होतं.

दुसरी वाट, कोणीतरी खासगी माणसाने उचलून नेण्याची. हंगेरीहून आलेले पीटर लास्लो पेरी यांचं 'द सनबेदर्स' हे काँक्रीटमधलं जोडशिल्प वॉटर्लू स्टेशनकडच्या दारावर भिंतीला लटकवलेलं होतं. प्रदर्शनानंतर ते बेपत्ता झालं. २०१६ मध्ये लंडनमध्ये युद्धोत्तर सार्वजनिक कलेवर प्रदर्शन भरलं, हरवलेल्या शिल्पांसाठी हाक दिली गेली, आणि कळलं की ब्लॅकहीथमधल्या एका हॉटेलच्या बागेत ते पडून आहे. वर्गणी काढून त्याची दुरुस्ती झाली आणि आता ते वॉटर्लू स्टेशनात लागलेलं आहे. पेरी यांचं शिल्पही भिंतीवरचंच होतं. पण उचलून बागेत नेऊन ठेवण्याच्या बेताचं होतं. आकार लहान असणं हा कधीकधी विमाच असतो.

तिसरी वाट, साचा किंवा लहान नमुना जपून पुढे पुन्हा घडवण्याची. ती पोर्तुगालने घेतली. लिस्बनमध्ये १९४० साली 'पोर्तुगीज जगाचं प्रदर्शन' भरलं तेव्हा तेजू नदीच्या तोंडाशी दर्यावर्दींचं एक उंच स्मारक उभारलं होतं: कोतिनेल्ली तेल्मू यांची रचना, लेओपोल्दु द अल्मेदा यांची शिल्पं. तेही तात्पुरतंच, कमी टिकणाऱ्या साहित्यातलं. १९४३ मध्ये ते पाडलं. पण सागरी मोहिमांना पाठबळ देणाऱ्या पोर्तुगीज राजपुत्र हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली तेव्हा, १९६० मध्ये, तेच काँक्रीट आणि दगडात पुन्हा बांधलं. त्यावर तेहतीस आकृत्या आहेत. त्यात वास्को द गामा, आफोंसु द आल्बुकेर्क, फ्रान्सिस झेवियर अशी गोव्याला ओळखीची मंडळी आहेत, आणि बाई एकच: हेन्रीची आई, राणी फिलिपा. उद्घाटनानंतर दीडेक वर्षात, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला.

ही तुलना मी मुद्दाम लांबवतो आहे. दोन्ही शिल्पं राष्ट्रीय प्रदर्शनातली, दोन्ही नदीकाठची, दोन्ही समुद्रावर जाणाऱ्यांची, दोन्ही तात्पुरती. एक परत उभं राहिलं, एक नाही. लिस्बनच्या शिल्पामागे एक राजवट होती जिला साम्राज्य टिकवायचं होतं आणि त्यासाठी ते वीर हवे होते. लंडनच्या कुटुंबामागे उभं राहील असं कोणी नव्हतं. वीराला वारस असतो: त्याचा पक्ष, त्याची रेजिमेंट, त्याची जयंती. दारात उभ्या बाईचं आणि मुलाचं स्मारक परत बांधा म्हणून शिष्टमंडळ घेऊन कोण जाणार?

चौथी वाट म्हणजे काहीच न करणं.

काय केलं गेलं

'द आयलंडर्स'च्या वाट्याला ही चौथी वाट आली. आवार मोकळं झालं. डोम गेला, दालनं गेली आणि शिल्पही गेलं. फेस्टिव्हल हॉल उरला.

शारू थांबले नाहीत, हे सांगायला हवं. लंडन काउंटी कौन्सिलसाठी त्यांनी पुढे 'द नेबर्स' केलं: हायबरीच्या सरकारी घरांच्या वसाहतीत शेजारी बसलेली दोन माणसं. तेही त्याच जाड घडणीचं, पण स्वतंत्र उभं राहणारं आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांच्याच अंगणात बसवलेलं. वसाहत कायमची, म्हणून शिल्पही कायमचं. आज ते संरक्षित यादीत आहे. १९५६ मध्ये शारू रॉयल अकॅडमी या कलावंतांच्या संस्थेचे पूर्ण सभासद झाले. आणि वितळवलेला लेसिंग त्यांनी साठच्या दशकात नव्याने घडवला. १९६७ मध्ये शारू वारले. पुढच्या वर्षी तो पुतळा व्हिएन्नात बसला आणि १९८१ मध्ये आपल्या मूळच्या यूडनप्लाट्झ चौकात परत आला. म्हणजे नाझींनी ठरवून नष्ट केलेलं शिल्प परत आलं, आणि लोकशाही देशात कामाच्या ओघात गेलेलं आलं नाही. याचं कारण मला असं दिसतं की गुन्हा झाला की भरपाई मागता येते. कामाच्या ओघात काही गेलं तर मागायची कोणाकडे?

परिणाम

आज हे शिल्प जुन्या छायाचित्रांत पाहायचं. काही प्रदर्शनाला आलेल्यांनी काढलेली, काही वृत्तपत्रांची. ब्रिटनच्या हरवलेल्या सार्वजनिक कलेची चर्चा निघाली की त्याचं नाव येतं.

पण एक दुसरा परिणाम आपल्याकडून पाहिल्यावरच दिसतो. बेटावरचं दर्यावर्दी कुटुंब म्हणताना १९५१ मध्ये डोळ्यांसमोर फक्त बेटच होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश झेंड्याखालच्या व्यापारी जहाजांवर जे खलाशी होते त्यांत भारतीयांची संख्या मोठी होती. सारंग, तांडेल, भंडारी ही जहाजावरची पदं त्यांच्याच बोलीतली. रत्नागिरीकडची माणसं डेकवर, गोव्याची खानसामे आणि बटलर म्हणून जहाजाच्या भोजनकक्षात, सिल्हेटची इंजिनखोलीत. युद्धात समुद्रात गेलेल्या जवळजवळ सहा हजार भारतीय व्यापारी खलाशांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मरणवह्यांत आहेत. मुंबईतली वही मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात आहे. गिरगाव चौपाटीवर फिरायला जाणाऱ्या किती जणांना ते माहीत असेल? राजापूर-दापोलीच्या किनाऱ्यावर घरधन्याच्या मनीऑर्डरीची वाट पाहणारी बाईही त्याच व्यापाराचा भाग होती. शारू यांच्या शिल्पातल्या स्त्रीशेजारी तिला जागा नव्हती. शिल्पकाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला काम देणाऱ्यांनी विषयच 'ब्रिटनची भूमी आणि तिची माणसं' असा बांधून दिला होता. पण उद्या कोणी खलाशी कुटुंबांचं स्मारक करायला घेतलं तर कुटुंब कोणाचं, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत यायला हवा.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाचे टप्पे तीन होते असं मला दिसतं, आणि तिन्ही निवडणुकीच्या आधीचे. नव्या सरकारला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण ऑक्टोबर १९५१ पर्यंत बरंच काही ठरून गेलं होतं.

पहिला टप्पा साहित्य आणि जोडणीचा. उठावशिल्प वेगळे करता येतील अशा भागांत घडवून बोल्टने बसवलं असतं तर उतरवणं ही एक दिवसाची बाब झाली असती. त्यासाठी खर्च थोडा वाढतो आणि सांधे दिसतात, म्हणून शिल्पकार कुरकुरतात. तरी पाच महिन्यांच्या कामात हा आग्रह देणाऱ्याने धरायलाच हवा.

दुसरा टप्पा मालकीचा. शिल्प दालनाच्या खर्चात धरायचं की स्वतंत्र कलाकृती म्हणून नोंदवायचं? दालनाच्या अंदाजपत्रकात घातलं की मंजुरी लवकर मिळते, हे कुठल्याही कार्यालयात काम केलेल्याला कळेल. पण मग ते खिडक्या-दारांच्या यादीत जातं. लग्नाचा मांडव सोडताना पताकांचं कोणी विचारत नाही, तसं होतं.

तिसरा टप्पा पुढच्या पत्त्याचा. प्रदर्शन चालू असताना, म्हणजे लोक रोज रांगा लावून शिल्प पाहत असताना, ते घ्यायला तयार होणारी बंदरं ब्रिटनमध्ये कमी नसतील. हल, ग्रिम्सबी, लिव्हरपूल: प्रत्येकाकडे धक्का आहे, भिंत आहे, आणि समुद्रावर माणसं गमावलेली घरं आहेत. ऑगस्टमध्ये विचारलं तर नगरसेवक उत्साहाने हो म्हणतात. जानेवारीत, रिकाम्या आवारातून, पाडकामाच्या धुळीतून विचारलं तर तेच विचारतात की वाहतूक कोण करणार.

आपल्याकडे हा विषय लांबचा नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर नौदल दिनाच्या निमित्ताने ४ डिसेंबर २०२३ ला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. कारणं पूर्ण वेगळी, हे उघड आहे. तिथे प्रश्न बांधणीचा होता. पण कामाची तारीख सोहळ्याने ठरवणं दोन्हीकडे सारखंच. सोहळ्याला शिल्प लागतं ते त्या दिवशी. त्यानंतरच्या दिवसांचा खर्च, देखभाल, मालकी आणि गरज पडली तर हलवण्याची तजवीज ही सोहळ्याच्या अंदाजपत्रकात येत नाही.

म्हणून अशा कामाच्या करारात मी तीन ओळी मागेन. सोहळा संपल्यावर शिल्प कोणाच्या नावावर, त्या संस्थेचं नाव. ते उतरवून हलवायला लागणारी रक्कम आधीच बाजूला काढलेली, आणि ती दुसऱ्या कशाला वापरता येणार नाही अशी अट. आणि साचा किंवा लहान प्रमाणातला नमुना शिल्पकाराकडे नाही, तर एखाद्या संग्रहालयाकडे जमा, पोचपावतीसह.